‘नीडफुल’ म्हणजे नक्की काय, बॉस?

सोमवार सकाळ. कॉफी गरम, डोकं अजून वीकेंडमध्येच. लॅपटॉप उघडला, तर एका क्लायंटचा मेल. मेल जसाच्या तसा देते, फक्त देवनागरीत:

‘हाय, होप यू आर डुइंग वेल. जस्ट टचिंग बेस टू अलाइन ऑन द व्हिज्युअल्स पार्ट, ॲज पर अवर अर्लियर डिस्कशन. काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट अँड रिव्हर्ट.’

एकदा वाचला, दोनदा वाचला. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचला. इंग्रजी एकदम चकाचक, स्पेलिंगची एक चूक नाही. पण मी नक्की काय करायचंय? व्हिज्युअल्स पाठवायचेत, की बदलायचेत, की त्यांनी पाठवलेले बघून ‘छान’ म्हणायचंय? आणि ‘अर्लिएस्ट’ म्हणजे आज की शुक्रवार?

शेवटी फोन केला. पलीकडून उत्तर आलं, ‘अगं, काही नाही, ते चार फोटो हवे होते. उद्या दुपारपर्यंत दे ना.’

झालं! मराठीत सहा सेकंद. इंग्रजीत चार ओळी आणि माझी पंधरा मिनिटं.

हसू नका. तुमच्या सेंट आयटम्समध्येही असे डझनभर मेल पडलेले असतील. माझ्याही आहेत, आणि त्यातल्या तीन मेल्सची गोष्ट मला आज सांगायची आहे. पण त्याआधी थोडं इकडचं तिकडचं.

इंग्रजी बिघडलंय म्हणे!

‘हल्लीच्या पोरांचं इंग्रजी पार बिघडलंय’ हे वाक्य मी निदान महिन्यातून एकदा ऐकते. बोलणारे काका साधारण साठीच्या पुढचे असतात. मग यादी सुरू होते. आमच्या वेळी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, रेन अँड मार्टिनचं ग्रामर होतं, दूरदर्शनवर गीतांजली अय्यर बातम्या द्यायच्या. (२०२३ मध्ये त्या गेल्या, तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर निम्म्या काकांनी हळहळ व्यक्त केली.) आणि आता बघा, ‘यू’ला नुसता यू, ‘ग्रेट’मध्ये आठाचा आकडा!

काकांचं दुखणं मला कळतं, पण निदान पटत नाही. चॅटवर कुणी ‘ग्रेट’ आठ घालून लिहिलं म्हणून कुणाचं काही अडत नाही. समोरच्याला कळतं. ‘मीटिंग प्रीपोन केली’ म्हटलं की लंडनच्या माणसाला कदाचित अडखळायला होईल, पण हिंजवडीत कुणालाही लगेच समजतं. मुळात तो शब्द इतका कामाचा आहे की इंग्रजांनी तो आपल्याकडून घ्यायला हरकत नाही! आणि आपलं ‘आय ॲम नॉट नोइंग’ छापाचं इंग्रजी? मुंबईच्या निस्सीम इझिकेल यांनी तर तसल्या इंग्रजीत कविता लिहून ठेवल्यात. त्या वाचताना हसू येतं, पण बोलणाऱ्याला काय म्हणायचंय ते कळत नाही असं मात्र होत नाही.

मग माझी तक्रार काय आहे? तक्रार ही, की आपलं इंग्रजी चुकत नाहीये, ते सांगत नाहीये. कुणी, काय, कधी, ही तीन उत्तरं वाक्यातून गायब झालीत. चार नमुने बघा:

‘इट इज बीइंग लुक्ड इन्टू.’ (कोण बघतंय? नाव?)

‘देअर हॅज बीन सम स्लिपेज.’ (म्हणजे उशीर झालाय. कुणामुळे, आणि किती दिवस?)

‘लेट्स सर्कल बॅक.’ (म्हणजे नाही. पण ‘नाही’ म्हणायला जिवावर येतंय.)

‘विल रिव्हर्ट शॉर्टली.’ (हे तर चक्क सुभाषित झालं.)

यातल्या एकाही वाक्यात ग्रामरची चूक नाही. रेन आणि मार्टिन दोघांनीही पूर्ण मार्क दिले असते.

आपण असं का बोलतो?

एक कारण सोपं आहे. धूसर बोललं की अंगाशी येत नाही. ‘मी गुरुवारपर्यंत देते’ असं लिहिलं की गुरुवार उजाडतो. ‘वर्किंग ऑन प्रायॉरिटी’ लिहिलं की काहीच उजाडत नाही. ऑफिसात दोन वर्षं काढलेल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही.

दुसरं कारण नाजूक आहे. ते म्हणजे ‘व्हर्नी’ ठरण्याची भीती. पुण्या-मुंबईच्या कॉलेजात शिकलेल्यांना हा शब्द सांगायला नको. मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी खास ठेवलेला, हसत हसत मारलेला टोमणा. मी मराठी शाळेतली. आमच्या राज्यात २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, मी त्यानंतरच्या बॅचेसमधली. म्हणजे बाबांसारखी पाचवीत जाऊन एबीसीडी शिकले नाही. तरीही फर्स्ट इयरला पहिले तीन महिने मी वर्गात तोंड उघडलं नव्हतं. नंतर उघडलं, पण तोपर्यंत एक गोष्ट पक्की कळली होती. इथे तुम्ही काय बोलता यापेक्षा कसे ऐकू येता हे जास्त बघतात. साधं वाक्य बोललात तर ‘एवढंच येतं वाटतं’. लांबलचक, गोलमटोल बोललात तर ‘वॉव, फ्लुएंट!’

त्या दिवसापासून मी फ्लुएंट झाले. मास कॉमच्या डिग्रीने तर त्यावर वर्खही चढवला.

तिसरं कारण ताजं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि गोलमटोल इंग्रजी फुकट झालं. पूर्वी असं लिहायला निदान मेहनत लागायची. आता ‘मेक इट प्रोफेशनल’ म्हटलं की झालं, दोन ओळींचे तीन परिच्छेद होतात. समोरचाही तो मेल त्याच यंत्राला देऊन म्हणतो, ‘थोडक्यात सांग.’ एकाने फुगवायचं, दुसऱ्याने हवा काढायची. मधल्या मध्ये मूळ मुद्दा कुठे पडला, कुणाला ठाऊक. दोष यंत्राचा नाही हं. ‘मला नक्की काय हवंय’ हे आपणच त्याला सांगितलेलं नसतं.

‘प्रॉब्लेम आहे’ आणि ‘मदत करा’

‘कळतं हो सगळं, एवढं काय मनावर घ्यायचं?’ असं वाटत असेल, तर विमानांच्या दोन गोष्टी ऐका.

२५ जानेवारी १९९०. कोलंबियाहून निघालेलं आव्हियांका कंपनीचं विमान न्यूयॉर्कजवळ पोचलं होतं. हवा खराब, विमानांची रांग. त्याला तासाभराहून जास्त वेळ आकाशातच घिरट्या घालाव्या लागल्या. इंधन संपत आलं. कॅप्टन स्पॅनिशमध्ये सहवैमानिकाला सांगत होता, ‘आपली इमर्जन्सी आहे म्हणून सांग.’ सहवैमानिकाने टॉवरला सांगितलं ते एवढंच, की आमचं इंधन संपत चाललंय. आता रांगेतल्या जवळपास प्रत्येकाचंच इंधन कमी झालेलं असतं. ज्या एका शब्दाने सगळी विमानं बाजूला करून त्यांना वाट मिळाली असती, तो ‘इमर्जन्सी’ शब्द शेवटपर्यंत टॉवरला ऐकू आला नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळलं. १५८ पैकी ७३ जण गेले.

दुसरी आपल्याकडची. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातलं चरखी दादरी. दिल्लीहून निघालेलं सौदी विमान आणि दिल्लीत उतरायला येणारं कझाकस्तानचं विमान हवेत एकमेकांवर आदळली. ३४९ जणांचा मृत्यू झाला, दोन्ही विमानांतलं कुणीही वाचलं नाही. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली आलं होतं. चौकशीत पुढे आलेल्या कारणांमध्ये एक हेही होतं, की त्या वैमानिकांचं इंग्रजीचं ज्ञान अपुरं होतं आणि टॉवरच्या सूचना त्यांना नीट समजल्या नाहीत.

अशा अपघातांनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, इंग्रजीची एक फूटपट्टी तयार केली. सहा पायऱ्यांची. २००८ पासून आंतरराष्ट्रीय विमानं उडवणाऱ्यांना आणि त्यांना वाट दाखवणाऱ्या कंट्रोलर्सना निदान चौथी पायरी गाठावीच लागते. आणि या फूटपट्टीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कुठली सांगू? तिथे ॲक्सेंट चालतो. तुमच्या उच्चारात तुमची मायबोली डोकावली तरी चालते. अट एवढीच, की समोरच्याला ते समजलं पाहिजे.

वाचलंत ना परत? शेकडो लोकांचा जीव ज्यांच्या हातात आहे त्यांना ॲक्सेंट माफ. आणि आपण कँटीनमध्ये कुणी ‘पिझ्झा’ कसं म्हटलं यावर खिदळतो.

माझे तीन मेल

आता ती गोष्ट.

गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वाटी बदलली. मेडिक्लेम होता, पण कॅशलेस काही झालं नाही. बिल दोन लाख चाळीस हजार. बाबांनी एफडी मोडली आणि हॉस्पिटलचे पैसे भरले. क्लेम नंतर करायचा होता. घरात मास कॉमवाली, इंग्रजीत लेख लिहिणारी मुलगी असताना मेल कोण लिहिणार? अर्थात मी!

पहिला मेल तर काय झाला होता म्हणून सांगू! ‘आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल’पासून ‘लुकिंग फॉरवर्ड टू अ फेव्हरेबल रिझोल्यूशन’पर्यंत. उत्तर आलं, ‘युअर कन्सर्न हॅज बीन ड्यूली नोटेड अँड द सेम इज अंडर प्रोसेस.’ महिन्याने दुसरा मेल पाठवला, ‘जेंटल रिमाइंडर’. तेच उत्तर. मग तिसरा, ‘विथ ड्यू रिस्पेक्ट, वी आर डीपली डिसअपॉइंटेड’ वगैरे. पुन्हा तेच उत्तर, फक्त खालचं नाव वेगळं.

अडीच महिने गेले. आईची फिजिओथेरपी चालू होती, दर वेळचे पैसे रोख. बाबा एकदाही काही बोलले नाहीत. फक्त एका रविवारी चहा पिताना म्हणाले, ‘तू काय लिहिलंस ते दाखव जरा.’

बाबा एका सरकारी खात्यात आवक-जावकच्या टेबलावर बसायचे. तीस वर्षं पत्रं घेतली, नोंदवली, पाठवली. मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी, तेही तर्खडकर पाठ करून. चष्मा लावून त्यांनी माझे तिन्ही मेल वाचले. सावकाश. मग म्हणाले, ‘इंग्रजी छान आहे गं. पण तू त्यांना काही विचारलंच नाहीयेस.’

मी पुन्हा वाचून पाहिलं. खरंच. तीन मेल, अकरा परिच्छेद आणि एकही प्रश्नचिन्ह नाही. क्लेम नंबर एकाच मेलमध्ये, तोही तळाला. रक्कम कुठेच नाही. (पैशाचा आकडा लिहिणं मला ‘चीप’ वाटलं होतं!) मी त्यांच्यावर चिडले होते, पण त्यांचं गोलमटोल उत्तर माझ्याच गोलमटोल मेलला आलेलं होतं.

‘घे लिहून,’ बाबा म्हणाले. वर विषय, खाली संदर्भ, जसं ऑफिसात लिहायचे तसं. मग एकेक वाक्य, इंग्रजीतच, थांबून थांबून. क्लेम नंबर हा. रक्कम ही. कागद या तारखेला दिले, पोच जोडली आहे. तुम्ही पैसे देणार आहात का? देणार असाल तर कोणत्या तारखेपर्यंत? देणार नसाल तर कारण लिहून कळवा. आणि शेवटची ओळ: ‘इफ एनी पेपर इज मिसिंग, प्लीज राइट इट्स नेम.’

मी म्हटलं, ‘बाबा, हे थोडं रूड वाटतंय.’

‘प्लीज लिहिलंय की. आणखी काय पाहिजे?’

सहाव्या दिवशी उत्तर आलं. तेही दोन ओळींचं! गुडघ्यात बसवलेल्या इम्प्लांटचं बिल आणि त्यावरचा स्टिकर फाइलमध्ये नाही, तो पाठवा. तो कागद आमच्या घरात, आईच्या कपाटात, हॉस्पिटलच्या पिशवीत होता. पहिल्या दिवसापासून. पाठवल्यावर तीन आठवड्यांत पैसे जमा झाले. हातमोजे, सिरिंज असल्या सामानाचे कापून घेतले, पण जमा झाले.

एका कागदाचं नाव विचारायला मला अडीच महिने लागले होते. आणि खरं सांगायचं तर मी ते विचारलंच नव्हतं. मी फक्त छान दिसत होते.

टी सायलेंट

पण मला लागलं ते वेगळंच.

त्या रविवारी लक्षात आलं, की बाबा माझ्यासमोर इंग्रजीत बोलले त्याला नऊ वर्षं झाली होती. मी फर्स्ट इयरला असताना माझ्या वाढदिवसाला कॉलेजचा ग्रुप घेऊन आम्ही हॉटेलात गेलो होतो. बाबा खुशीत होते. सगळ्यांना म्हणाले, ‘प्लीज कम, द बफेट इज ओपन.’ मी लगेच, सगळ्यांसमोर, हसत: ‘बाबा, बुफे! टी सायलेंट असतो.’ दोन-तीन जण हसले. बाबाही हसले. त्यानंतर माझ्या मित्र-मैत्रिणींशी ते कायम मराठीतच बोलले. ज्यांना मराठी येत नाही, त्यांच्याशी नुसतं हसून ‘जेवून जा’ची खूण.

म्हणजे घरात चांगलं इंग्रजी येणारं एक माणूस होतं, आणि त्याला गप्प मी केलं होतं. एका न उच्चारलेल्या ‘टी’साठी.

साधं लिहा हे आपल्याला शिकवायला कुणी नव्हतं असंही नाही. बिहारमधल्या मोतीहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलने १९४६ मध्ये एका निबंधात नियम घालून दिले होते. छोटा शब्द चालत असेल तर मोठा वापरू नका, शब्द गाळता येत असेल तर गाळा. अमेरिकेत २०१० साली चक्क कायदा झाला, की सरकारी खात्यांनी लोकांना कळेल असं लिहावं. ज्यांची ही भाषा आहे त्यांनाही हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. आपल्याला लाजायचं काय कारण?

ट्राय करून बघा

या आठवड्यात फक्त एवढंच करा:

• मेल पाठवण्याआधी तीन प्रश्न: कुणी करायचंय? काय करायचंय? कधीपर्यंत? एकाचंही उत्तर मेलमध्ये नसेल तर पाठवू नका.

• तो मेल मनात मराठीत म्हणून बघा. मराठीत म्हणताच येत नसेल, तर तुम्हाला काय म्हणायचंय हे तुम्हालाच कळलेलं नाही.

• ‘उशीर झाला’, ‘चूक माझी’, ‘नाही जमणार’ ही तीन वाक्यं इंग्रजीत सरळ लिहायची सवय करा. पहिल्यांदा हात थरथरतो. नोकरी जात नाही.

• प्रश्न असेल तर प्रश्नचिन्ह द्या. ते फुकट मिळतं.

• आणि कुणी साधं, थांबत थांबत, चुकीच्या ‘टी’सकट बोलत असेल, तर आधी ऐका. त्याच्याकडे सांगायला काहीतरी असतं.

गेल्या महिन्यात चुलतबहिणीचं लग्न झालं. नवऱ्याकडची मंडळी बंगळुरूची, मराठी कुणाला येत नव्हतं. सगळे खुर्च्यांवर अवघडून बसलेले. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, ‘प्लीज कम, द बफेट इज ओपन.’

पंचवीस माणसं उठली आणि जेवायला गेली. एकालाही शंका आली नाही.

मीही ताट घेतलं.

पुढच्या आठवड्यात भेटूच. तोपर्यंत कुणी ‘नीडफुल’ करायला सांगितलं, तर म्हणजे नक्की काय, तेवढं विचारून घ्या!